उरलेले चाळीस

लिमात पाऊस पडत नाही,
असं मी नोकरीच्या पहिल्या दिवशी वहीत लिहिलं
आणि खाली जोडलं:
पण काही वाळतही नाही.

जून ते ऑक्टोबर आभाळ म्हणजे गाढवाचं पोट,
करडं, खाली लोंबलेलं.
त्याखाली एक कोटी माणसं, छत्री जवळपास कुणाकडेच नाही.
जे पडतं त्याला गारुआ म्हणतात.
पडतं म्हणावं तर जमीन भिजत नाही,
नाही म्हणावं तर चष्मा पुसून पुसून रुमाल ओला.
माझ्या तक्त्यात त्याची नोंद: ०.१ मिलिमीटर.
कधी नुसतंच 'लेशमात्र'.

आई टेकडीवर राहते, विया मारियाच्या शेवटच्या पायरीला,
कॉम्बीसुद्धा जिथून अलीकडेच वळते.
मी सांगते, 'कमाल सतरा, आर्द्रता अठ्ठ्याण्णव.'
ती फोनवर म्हणते,
'ते तुझ्या विमानतळाचं झालं. घोंगडी वाळत घालू का, ते बोल.'

खरंय तिचं. तापमापक समुद्राच्या काठी,
आणि तिचं घर ढगाखाली नाही, ढगात.
आणखी चारशे मीटर चढलं तर
लख्ख ऊन, निळंशार, फुकट.
इथे वर जावं तसं ऊबदार होत जातं.
शाळेत शिकवलं होतं त्याच्या उलट.

तिची वेधशाळा चुलीपाशी.
मिठाला पाणी सुटलं की रात्रभर गारुआ,
काडेपेटी सादळली की दोन दिवस.
शेजारच्या एपिफानिओच्या गुडघ्याला विचारायचं नाही,
तो बाराही महिने दुखतो.
कड्यावर बांधलेल्या जाळ्यांत धुकं अडकतं,
थेंब थेंब पन्हळीत उतरतं,
सकाळी निळ्या पिंपात किती बोटं पाणी
ते ती मला रोज कळवते.
माझ्याकडे त्याला रकाना नाही.

मग तो मार्च.
ज्या समुद्रात पाय घातला की पोटऱ्या आखडायच्या
तो सव्वीस अंशांवर गेला.
मासळी खोल निघून गेली,
पेलिकन बाजारात येऊन
मच्छीवाल्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहू लागले.
नकाशा पिवळा झाला, मग नारिंगी.
मी फोन केला: आई, उद्या रात्री. साठ टक्के.

'साठ टक्के कशाचे?'

पावसाचे.

'म्हणजे साठ घरांवर पडेल?
का साठ मिनिटं?
का घळीतून चिखल येईल तो कमरेपर्यंतच?'

मी म्हटलं, अशा शंभर रात्री आल्या
तर त्यातल्या साठ रात्री पडेल.

पलीकडे बराच वेळ काही नाही. कुठलंसं कुत्रं.
'सेनायदा, मला उद्याची एकच रात्र आहे.'

तरी गेली. शिलाई मशीन एपिफानिओच्या हातगाडीवर,
खोक्यात कोंबड्या, मागे ती,
फ्रिज राहिला, त्याला चार माणसं लागतात.
शाळेच्या फरशीवर, बूट न काढता,
रात्रभर तिने पत्र्याकडे कान लावला.

पाच थेंब. सहावा बहुधा पक्ष्याचा.

उत्तरेकडच्या खोऱ्यात त्याच रात्री नदीने पूल नेला.
मी हे तिला सांगितलं,
जणू तो माझ्या बाजूचा साक्षीदार.
ती म्हणाली, 'उरलेले चाळीस कुठे राहतात ते कळलं.
माझ्या घरी.
आणि एक कोंबडी परत आली नाही.'

आठ दिवस फोन उचलला नाही.
नवव्या दिवशी फक्त: 'तीन बोटं.'

एप्रिलच्या तोंडावर पुन्हा आकडे आले, पंचेचाळीस.
मी बराच वेळ फोन हातात धरून बसले,
शब्द जुळवत: शक्यता, संभव, कदाचित, सावध.
तेवढ्यात तिचाच आला.

'रेडिओवर ऐकलं. मशीन खाली नेलंय.
फ्रिज वरच राहू दे,
तो पंचावन्नांच्या बाजूने आहे.'